मला पेनल्टी विचारू नका

मी सर्जापूर रोडवरच्या एका अपार्टमेंटच्या मैदानावरचा कॅमेरा बोलतोय. जरा दबक्या आवाजात बोलतोय, कारण कालपासून जीव थाऱ्यावर नाही.

होसकोटेच्या कारखान्यात माझी जुळणी झाली. चार वर्षांपूर्वी सायकलचोर पकडायला मला कोपऱ्यातल्या खांबावर बसवलं. चोर एकही आला नाही. मग मी माणसंच बघत बसलो. कोण बायकोला चुकवून सिगारेट ओढतो, कुणाकडे सुनेचे आईवडील मुक्कामाला आलेत, सगळं मला ठाऊक. चोंबडा म्हणा हवं तर. पण माणसांवर जीव जडतो हो माझा.

सगळ्यांत जास्त जडला तो दयानंदअण्णांवर. निपाणीकडचा माणूस, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. अपार्टमेंटच्या फुटबॉल सामन्यांना दरवर्षी तेच पंच. गुडघा दुखतो, तरी चेंडूमागे धावतात. लोक त्यांना मैदानात शिव्या घालतात आणि संध्याकाळी त्यांच्याच घरी चहाला जातात.

यंदा कमिटीचे सेक्रेटरी उमाजीराव म्हणाले, "टीव्हीवरच्या मोठ्या मॅचना व्हिडिओ बघून निकाल देतात. आपला कॅमेरा काय शोभेला टांगलाय?" वर नियमही केला: व्हिडिओने तीन निकाल उलटले की पंच बदलायचा.

खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फुगलो होतो. आपल्याला मान मिळाला, असं वाटलं.

पहिल्याच रविवारी एका संघाच्या हर्षने गोल मारला आणि अण्णांनी तो दिला. समोरचे ओरडले, "ऑफसाइड!" म्हणजे पास निघाला तेव्हाच हर्ष बचाववाल्यांच्या पुढे होता, असं त्यांचं म्हणणं. सगळे वॉचमनच्या खोलीत घुसले, माझा पडदा तिथंच असतो. उमाजीरावांनी चित्र थांबवलं आणि मुलीच्या कंपासातली स्टीलची पट्टी पडद्यावर उभी धरली.

"गुडघा पुढे आहे. गोल रद्द!"

"स्वल्प थांबा हो," अण्णा म्हणाले. "कॅमेरा कोपऱ्यातून बघतो. मैदानावरची आडवी रेघ इथं तिरकी दिसते. पट्टी सरळ धरून कसं चालेल?"

"अण्णा, पट्टी काय खोटं बोलते?"

पट्टी खरीच होती. तिरका मी होतो. शिवाय सेकंदाला मी पंधराच चित्रं टिपतो. दोन चित्रांच्या मध्ये माणूस फूटभर पुढे सरकतो. पास नेमका कुठल्या क्षणी निघाला, ते मलाच माहीत नव्हतं! ओरडून सांगावंसं वाटलं, पण त्यांना ऐकू जाईल असं तोंड मला कुठलं?

त्याच दिवशी दुसऱ्या सामन्यात रूपश्रीच्या हाताला चेंडू लागला. ती बचावाला खेळते. चेंडू अगदी जवळून येऊन आपटला होता, म्हणून अण्णांनी खेळ चालू ठेवला. उमाजीरावांनी चित्र नेमकं तिथंच थांबवलं. थांबलेल्या चित्रात कुणीही मुद्दाम करतोय असंच दिसतं. पेनल्टी दिली, तिचा संघ हरला. तेच चित्र मोबाइलच्या ग्रुपवर फिरलं आणि खाली कुणीतरी लिहिलं, "हातचलाखी अक्का". आठवडाभर ती मागच्या फाटकातून ये-जा करत होती. मला टाळून. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

आणि काल अंतिम सामना. अण्णांचे दोन निकाल आधीच उलटलेले. हर्षचा संघ एका गोलने पुढे, समोर रूपश्रीचा संघ. शेवटच्या मिनिटाला रूपश्रीने मारलेला चेंडू हर्षच्या हाताला लागला. अण्णा म्हणाले, "खेळा!" झालं. "व्हिडिओ! व्हिडिओ!" करत सगळे खोलीकडे पळाले.

उमाजीरावांचं बोट बटणावर. एरवी दिवसातून तीनदा जाणारा करंट काल मेला जाईना. अण्णा दाराशी शिट्टी मुठीत आवळून उभे. माझ्यामुळे हा माणूस जाणार, या भीतीने माझी काच धुरकटली.

तेवढ्यात रूपश्री पुढे झाली. "उमाजीअण्णा, थांबवू नका. आहे त्या वेगानं दाखवा. एकदाच."

"अगं खुळे, पेनल्टी तुम्हालाच मिळतेय!"

"माहीत आहे. थांबवलं तेव्हा माझा हातही चोराचाच दिसला होता."

उमाजीरावांनी थांबवायच्या बटणावरून बोट उचललं. म्हणाले, "सरी, चालू दे तसंच." चित्र चाललं. चेंडू आला, लागला, गेला. हर्षचा हात अंगालगतच होता. लोक परत मैदानाकडे वळले. पेनल्टी मिळाली नाही, रूपश्रीचा संघ हरला आणि अण्णा पंच राहिले.

सुटलो म्हणता? आज सकाळी उमाजीराव माझ्या खाली उभे राहून सांगत होते, "पुढच्या वर्षी आणखी तीन कॅमेरे लावू."

बाबांनो, मला जरूर विचारा. चेंडू हाताला लागला का, कुणी मागून पाय ओढला का, ते मी दाखवीन. पण ऑफसाइडसाठी गुडघे आणि बोटं मोजायची वेळ आली, तर गोल मारणाऱ्याला द्या. हात मुद्दाम लावला का, ते चालत्या वेगात बघून पंचाला ठरवू द्या. आणि एकदोनदा बघून कळलं नाही, तर पंच आधी म्हणाला तेच राहू द्या. हे सगळं नियमात लिहून ठेवा, हात जोडतो. दर वेळी रूपश्री तिथं उभी असेलच असं नाही.