लाल वायरींचा उपास

ऐकताय ना? मी चार्जर बोलतोय. मोबाइलचा नव्हे हो, गाडीचा. जेवणाच्या डब्याएवढा, अंगाने जड, सीटखाली बसून राहणारा. माझं काम वाढप्याचं. घरातल्या बोर्डातून वीज घ्यायची आणि बॅटरीच्या पानात वाढायची. मग प्रवासात पंखा-दिवा ती बॅटरी सांभाळते.

माझी गाडी आधी रुग्णवाहिका होती. सालवडच्या भगवंतरावांनी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ती घेतली, आत पलंग टाकला, ओटा बसवला, चालतंफिरतं घरच केलं. त्यांच्या पत्नी रत्नाबाई व्रतवैकल्यांच्या. गाडीवरून हात फिरवून म्हणाल्या, "अहो, हिने फार रडणं ऐकलंय. आता हिच्यात काळं म्हणून काही नको." पडदे बदलले, पायपुसणं बदललं. माझ्या दोन वायरींतली एक लालच होती; उरली काळी. दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून भगवंतरावांनी दोघींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल चिकटपट्टी गुंडाळली. झाल्या दोन्ही वायरी सवाष्णी!

हा खटाटोप माईंसाठी. माई दातिवऱ्याच्या कोळीण. बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसता बसता रत्नाबाईंची धर्माची बहीण झाल्या. गेल्या वर्षी त्यांचा दम फार वाढला, तेव्हा रत्नाबाईंनी डहाणूच्या महालक्ष्मीला नवस केला, "माई उठली, तर तिच्याच हातून तुझी ओटी भरीन." माई उठल्या. पण औषधाची वाफ देणारं यंत्र उशाशी लागतंच. बॅटरी नाही तर यंत्र नाही, यंत्र नाही तर माई नाहीत, आणि नवस तसाच डोक्यावर.

खंडेनवमीला मला सोडवून पाटावर बसवलं. रत्नाबाईंनी हळदीकुंकू असं भरभरून लावलं, की माझ्या तोंडावरच्या अधिक-वजाच्या खुणा पार बुजल्या. वर झेंडूची माळ. जन्मात मला कुणी फडक्याने पुसलंही नव्हतं. मी भारावूनच गेलो. पूजेनंतर भगवंतरावांनी मला पुन्हा जागेवर जोडलं. समोर दोन लाल वायरी, दोन लाल टिळे. जोडलं ते नेमकं उलटं.

पान उलटं मांडलं तर जाणता वाढपी वाढत नाही. मीही हात आखडला आणि लाल दिवा मिचकावत बसलो.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी माई आल्या. उद्या निघायचं, आणि बॅटरी रिकामी!

"हा काही घेतच नाही," भगवंतराव सीटखाली डोकं घालून म्हणाले.

"सोमवार आहे. उपास असेल त्याचा," रत्नाबाई म्हणाल्या, आणि माझ्यासमोर साबुदाण्याच्या खिचडीची वाटी आली. वर लिंबाची फोडसुद्धा. काय सांगू तुम्हाला!

फ्यूज बदलून झाला. बोर्डात वीज आहे का, म्हणून मिक्सर लावून पाहिला. तो रिकामाच बोंबलला. मग पुतण्या जितेश मीटर घेऊन आला. काकांनी दाखवली ती वायर अधिकाची धरून त्याने सुया टेकवल्या आणि ओरडला, "काका, अकरा व्होल्ट दाखवतोय, पण वजा अकरा!"

"वजा कसं? बॅटरी आपल्याला देते, का आपण बॅटरीला?"

"मीटरच गेला," म्हणत जितेशने तो मांडीवर आपटला. पुन्हा वजा. पुन्हा आपटला. बिचारा मीटर खरं बोलून मार खात होता.

"त्यालाही कुंकू लावू का?" रत्नाबाईंनी काळजीने विचारलं.

भगवंतराव कपाळ पुसत म्हणाले, "राहू दे. दिवाळीनंतर बघू."

गाडीच्या दारापाशी खुर्चीत माई बसल्या होत्या. "भावजी, माजा दम दिवालीची वाट बघल काय?" त्या हसल्या आणि खोकत राहिल्या. रत्नाबाईंनी पाठीवर हात फिरवला. 

दम जरा बसल्यावर माईंनी गाडी न्याहाळली. "रत्ना, लाल लाल नवरीवानी सजवलीस गो. पन तीट कुठं हाय? नजर लागली हिला."

"माई, हिच्यात काळं ठेवायचं नाही असं ठरवलंय मी. एक वायर काळी होती, तीसुद्धा झाकली."

"आगो येडे, देवीचं केस काय लाल हायत? येवढीशी उघडी ठेव."

रत्नाबाई गाडीत चढल्या. मग सीटखाली वाकल्या, माझ्यापाशी एका वायरीची पट्टी नखाने सोलली. लाल. दुसरी सोलली. काळी! मनात देवीची क्षमा मागून त्यांनी पदराने माझं तोंडही पुसलं, तीट नीट दिसावी म्हणून.

जितेश बघतच राहिला. "काकी, ही काळी तर वजाची, आणि अधिकावर बसलीय!"

"मग तिला तिच्या घरी पाठव की रे."

वायरींची अदलाबदल झाली. मी हिरवा डोळा उघडला आणि वाढायला सुरुवात केली.

"उपास सुटला!" रत्नाबाईंनी हात जोडले. जितेशने मीटरची माफी मागितली नाही; ती मीच मागतो.

आता आम्ही महालक्ष्मीच्या पायथ्याशी उभे आहोत. माईंनी स्वतःच्या हातांनी ओटी भरली आणि परत येऊन पलंगावर टेकल्या. माझ्या कपाळाला काजळाची तीट आहे, कुंकू जरा बाजूला. बायांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हाला फार बरं वाटतं. फक्त आमचं तोंड तेवढं उघडं ठेवा.

इथे बोर्ड नाही, म्हणून मी रिकामा बसलोय. शेजारी बॅटरीवर माईंचं यंत्र घुरघुरतंय, त्या डोळे मिटून वाफ घेतायत. आता मी गप्प होतो. माझं वाढून झालंय; त्यांना सावकाश होऊ दे.