उरलेला रंग

दादाने दुकानाचं दार ढकललं नाही, लाथेने उघडलं. आत त्याचा मेहुणा टेबलावर वाकून कुणाच्या तरी वायरलेसला डाग देत बसला होता. हातातलं खाली ठेवायचीही उसंत त्याला मिळाली नाही. पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा कानाखाली, आणि तिसऱ्याला गडी खुर्चीसकट आडवा झाला.

"ऊठ," दादा म्हणाला. "तुझ्या बायकोचा भाऊ तिकडे हॉस्पिटलात पडलाय. एकच हात राहिलाय त्याला."

बहिणीच्या लग्नापासून दादाने या माणसाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. जावयाचा मान म्हणजे मान. पण काल हंगामाच्या पहिल्याच फेरीत, दाट धुक्यात, लाँच खडकावर गेली. धाकटा भाऊ तिला हाताने रेटायला वाकला आणि मध्ये सापडून त्याच्या हाताचा कोपराखाली चेंदामेंदा झाला. सकाळी डॉक्टरांनी उरलेलं कापून टाकलं. धुक्यात लाँच चालते ती जीपीएसच्या पडद्यावर, आणि निघाल्यापासून रडतखडत चालणाऱ्या त्या पडद्याने ऐन खडकांच्या तोंडाशी मान टाकली होती. ते यंत्र बसवणारा हाच शहाणा.

"अँटेना कुणी हलवली?"

"मीच." मेहुण्याच्या नाकातून रक्त गळत होतं. "डोलकाठीच्या आडोशाला होती, म्हणून सिग्नल कमी यायचा. केबिनच्या टपावर मोकळ्यात नेली. मग चांगली चालली होती. दादा, मला एकदा लाँच बघू द्या."

दादाला बघायबिघायचं काही नव्हतं. त्याने मेहुण्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. हातोडी तिथेच पडली होती. रागाला डोळे नसतात म्हणतात, पण नेम असतो. दोन बोटं एका घावात मोडली आणि तिसरं दुसऱ्यात. मेहुणा ओरडला तेव्हा शेजारचा जाळीवाला दारापर्यंत आला, दादाचं तोंड बघून आल्या पावली परत गेला.

"आता तरी चला," मेहुणा दातावर दात दाबून म्हणाला. "चूक माझी निघाली तर दुसराही घ्या."

दादाने त्याला कॉलरला धरून धक्क्यावरून फरफटत नेलं आणि केबिनमध्ये लोटलं. मेहुण्याने डाव्या हाताने यंत्र सुरू केलं, तार चाचपली, जोड उघडून बघितला. गंज नव्हता, पाणी नव्हतं. पडद्यावर प्रत्येक उपग्रहाची एक दांडी उभी राहायला हवी होती. दोन खुरट्या उठल्या आणि बसल्या.

"यंत्र ठीक आहे. त्याला आकाशच दिसत नाहीये. टपावर काही ठेवलंय?"

"काही नाही."

"वर बघून या. मला चढता येणार नाही."

दादा शिव्या घालत चढला. टपावर अँटेनाची ती भूछत्राएवढी डबी उन्हात झगझगत होती. दादाने तिच्यावरून बोट फिरवलं.

हंगामाआधी लाँच तो स्वतः रंगवायचा. ब्रशला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे, आणि डब्यात उरलेला रंग वाया जाऊ देत नसे. दिसेल त्याला फासायचा: बादलीची कडी, दिव्याचा दांडा, काहीही. "मी जागचा हललो नाही तर मलाही रंगवशील," धाकटा हसायचा.

"डबी पांढरीच आहे ना?" खालून आवाज आला.

"चंदेरी," दादा म्हणाला. "कठड्याचा रंग उरला होता."

"त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, दादा. पत्र्याचं झाकणच घातलंत तुम्ही तिच्यावर."

दादा खाली उतरला तो थेट मेहुण्याच्या गळ्यावर. त्याला भिंतीशी दाबून धरलं. "तिला रंग चालत नाही, हे आधी का नाही बोललास?"

"विचारलंत कुठे?"

गळ्यावरची पकड सुटायला वेळ लागला, पण सुटली. मेहुणा खोकत खाली बसला. "खरवडा तो रंग. माझ्या हातात आता सुरी राहायची नाही."

मासळी कापायची सुरी घेऊन दादा पुन्हा वर गेला. चंदेरी ढलप्या उडू लागल्या. खालून मेहुणा पडदा वाचत होता. "एक दांडी आली. दुसरी. अजून दोन." आवाजात ना राग, ना समाधान. दादाला वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुरी निसटून तळव्यात घुसली, तरी त्याने हात थांबवला नाही. पांढरं प्लास्टिक रक्ताने लडबडलं.

"पुरे, दादा. सगळ्या उभ्या राहिल्या."

दादा तरीही खरवडत राहिला. मग टपाच्या कडेला येऊन बसला.

"भावोजी," तो म्हणाला. "चला, हॉस्पिटलात जाऊ. तुमच्या बोटांना प्लास्टर घालावं लागेल."

"चला."

"धाकटा विचारेल, हे कुणी केलं म्हणून."

"विचारेलच की," मेहुणा म्हणाला. "आणि त्याच्या हाताचंही विचारेल. दोन्हीचं एकच उत्तर आहे. ते तुम्हीच द्या."