भाच्याला बारा डॉलर

माझ्या धाकट्या बहिणीला, लितियाला, तिच्या खोबरेल तेलाच्या दुकानासाठी विजेवरचा घाणा हवा होता. नारळ हाताने किसून, पिळून तिचे खांदे गेले होते आणि जवळच्या सावुसावु शहरातलं हॉटेल म्हणत होतं, महिन्याला शंभर बाटल्या दे, नाहीतर दुसरीकडून घेऊ. बँकेने दोनदा कर्जाचा अर्ज परत केला. जमीन सगळ्या भाऊबंदांची सामाईक, ती गहाण ठेवता येत नाही, हे एक. आणि खेड्यातल्या माणसाला नातेवाइकांना नाही म्हणता येत नाही, दुकान सहा महिन्यांत वाटून संपेल, हे दुसरं. ते पत्र वाचून माझं डोकं फिरलं. खोटं असतं तर एवढं फिरलं नसतं.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी पाहणीला बँकेचा एक तरुण अधिकारी आला. राजधानीत, सुव्यात वाढलेला, चकचकीत बुटांचा. मी नाकावरूनच ओळखलं.

"तू आनासेइनीचा आपेनिसा ना रे?"

आनासेइनी आमची चुलत बहीण. म्हणजे हे त्याचं आजोळ, आणि आमच्या बेटांवर रीतच आहे, भाचा आजोळी येऊन जे उचलेल ते त्याचं. डुक्कर असो की होडी, विचारायचंही नसतं.

त्यालाही ती सवय. हसत हसत त्याने दुकानातल्या फळीवरची तेलाची बाटली उचलून पिशवीत टाकली. "आईला नेतो, मावशी."

"बारा डॉलर," लितिया म्हणाली.

दारात जमलेल्या शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अगं मावशी, मी भाचा ना?"

"भाचा घरात आहेस. घरातलं हवं ते ने, माझ्या लग्नाची चटई ने. हे दुकान आहे."

आपेनिसा ओशाळला. पाकीट काढून त्याने पैसे दिले, मग बसून कागदावर लिहू लागला.

"नात्यातल्या अर्जावर मला सही करता येत नाही, ती दुसरे साहेब करतील," तो म्हणाला. "पण मी लिहितोय, इथे भाच्यालाही फुकट मिळत नाही. मी पैसे दिले, हे आईला मात्र सांगू नका."

बँकेने जमिनीऐवजी घाणाच तारण धरून कर्ज दिलं आणि तीन आठवड्यांनी घाणा आला. तेव्हापासून दुकानात फुकट मागायला कुणी येत नाही. भाच्याने पैसे मोजले, तिथे आम्ही कोण? आठवड्याला दोन बाटल्या तशाच नेणारी मी होते. बँकेच्या पत्रातले ते नातेवाईक म्हणजे मीच.

आता हॉटेलच्या बाटल्यांवर लेबलं मी चिकटवते, आणि लितिया मला पगार देते.