माणशी चार वॉलाय

नऊ वाजायच्या आत गिऱ्हाइकाचे चार वॉलाय मासे बोटीवरच्या पाण्याच्या टाकीत पडले होते. कायद्यानं दिवसाला माणशी चार, विषय संपला. मिसूरी नदीवरच्या या धरणात मी एकवीस वर्षं लोकांना मासेमारीला नेते. चार झाले की गळ गुंडाळायचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण हा ट्रेंट हॉवलँड म्हणतो, "अजून टाकू की! मोठा लागला तर टाकीतला बारका सोडून देऊ."

"चाळीस फूट खोलातून ओढलेला मासा सोडला तरी जगत नाही, साहेब. पोट फुगतं त्याचं."

"सोडला म्हणजे सोडला. पुण्यच की ते!" आणि वर मला डोळा मारला. शी!

माझा भाऊ कर्मिट सुकाणूवर होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लॉरीन, गप बस गं. याच्या कंपनीचं अख्ख्या जूनचं बुकिंग आपल्याला मिळतंय. तुझी तत्त्वं काय चाटायचीत?"

मी गप्प बसले. मला त्या गप्प बसण्याचीच सगळ्यात जास्त किळस येते.

दोन तासांत ट्रेंटनं सात मासे बदलले. सोडताना दरवेळी फोटो, दरवेळी "जा बाबा, मोठा होऊन ये!" मासा दोनदा शेपटी हलवायचा. बोट पुढे सरकली की मागे पांढरं पोट वर. डोळे बटणांसारखे बाहेर आलेले, जठर तोंडातून लोंबतंय. एकावर सीगल बसून डोळाच टोचत होता आणि हा मेला मजेत सँडविच चावत होता.

मी कर्मिटला ढकललं, बोट वळवली. जाळीनं सातही मासे उचलले आणि ट्रेंटच्या पायाशी ओतले.

"ए, काय घाण आहे ही! माझे बूट!"

"तुमचीच घाण आहे. मेलेलेही मोजायचे असतात, टाकीतले धरून अकरा झाले."

"अगं, वेड लागलं का तुला?" कर्मिट किंचाळला. "अकरा सापडले तर आपला परवाना जाईल! फेक परत, कोण बघतंय इथं?"

परवाना बोटवाल्याचा, म्हणजे माझा. ते मला ठाऊक होतं. मी रेडिओ उचलला आणि मासेमारीचे नियम बघणाऱ्या वॉर्डनला बोलावलं.

अर्ध्या तासानं वॉर्डन मार्ला तिच्या बोटीतून आली. माशांकडे बघून तिनं नाक मुरडलं, वही काढली आणि ट्रेंटकडे वळली. "नाव?"

"त्याचं नंतर," मी म्हटलं. "आधी माझं लिही. नऊ वाजता गळ मी काढून घ्यायला हवा होता."