लाल छपरावरचं गवत

नकाशाच्या कचेरीत ताईच्या हाताखालून उपग्रहाची दोन चित्रं जायची. एक काळंपांढरं, पण घराची कड न् कड दाखवणारं. दुसरं रंगीत, पण धूसर. पहिल्याच्या रेघांत दुसऱ्याचा रंग भरला की देखणं चित्र तयार व्हायचं. अट एकच, दोन्ही चित्रं एकाच वेळची हवीत. एवढं तर तिथल्या खुर्च्यांनाही पाठ होतं!

त्या दिवशी साहेबांनी तयार चित्रच तिच्यापुढे टाकलं. "सही कर. उद्या तलावाची सुनावणी आहे."

कापड रंगवणाऱ्या कारखान्याने घाण सोडून तलाव तांबडा केला, अशी काठावरच्या लोकांची तक्रार होती. ताईची आई तिथलीच, तेच पाणी पिणारी. आणि चित्रात तलाव निळाशार!

ताईने आईचं घर शोधलं. यंदाच बांधलेली मागची खोली रेघांत होती, पण तिच्या लाल पत्र्यावर हिरवंगार गवत! म्हणजे रेघा यंदाच्या, रंग खोली बांधण्याआधीचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, हा रंग जुना आहे."

"नव्यात ढग होते."

"तलावावर एकही नव्हता. मीच बघितलंय."

"अगं, छान दिसतंय ना? तुझं काय जातंय?"

"माझी आई पिते ते पाणी!" ती सही न करताच उठली. साहेबांनी स्वतःच सही ठोकली. जनाची नाही, निदान मनाची तरी!

सुनावणीत पडद्यावर निळा तलाव झळकला. कारखान्याचा वकील म्हणाला, "बघा, सगळा कांगावा."

आईशेजारून ताई उठली. "काठावरचं आमचं घर मोठं करा. यंदाच बांधलेल्या मागच्या खोलीच्या छपरावर लाल पत्रा आहे, चित्रात मात्र गवत उगवलंय. छपराचा रंग जुना, मग पाण्याचा कुठून नवा असेल?"

साहेब ओरडले, "उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"कोण येतंय? खोटी चित्रं तुम्हीच रंगवा."

अध्यक्षबाईंनी दोघांनाही गप्प केलं आणि यंदाचं रंगीत चित्र, जसं होतं तसंच, मागवलं. पडद्यावर एक फिसकटलेला तांबडा डाग आला. ना घर ओळखू येत होतं, ना काठ.

आईने डोळे बारीक करून बघितलं. "धूसर आहे गं," ती म्हणाली, "पण हाच आपला तलाव."