बिबळ्याची जागा

बाज्या शहाद्याच्या ठेकेदाराकडे झाडं तोडायचा. पाडलेल्या प्रत्येक झाडाची तळहाताएवढी साल तो घरी आणून मातीच्या भिंतीत बसवायचा. मध्ये मोडकी घरटी, अंड्यांची टरफलं. चित्र कशाचं, ते कुणालाच सांगता येत नसे. एकोणीसशे अठ्ठावन्नपर्यंत सातपुड्याचा तो डोंगर बोडका झाला आणि भिंत भरली. मधोमध एकच जागा मोकळी राहिली.

"ती झऱ्यावरच्या बिबळ्याच्या झाडाची," बाज्या म्हणाला. "उद्या त्याची पाळी."

"तो गेला, झरा आटला, की काय पिशील? भिंत चाटशील?" त्याची बायको दिवलीबाई फणकारली.

"आणि नाही तोडला तर खाशील काय?"

सकाळी ती जागा भरलेली होती. साल ओली होती आणि तिच्यातून बिबळ्याचा तांबडा डिंक भिंतीवर ओघळत होता.

"तू लावलीस?" बाज्यानं बायकोला विचारलं.

"मी? मला वाटलं, तूच."

बाज्या कुऱ्हाड घेऊन झऱ्यावर धावला. बिबळा उभा होता. खोडावर तळहाताएवढी जागा सोललेली होती, पण पात्याची खूण कुठेच नव्हती.

ठेकेदाराचा मुकादम आला तेव्हा बाज्या कुऱ्हाड खाली ठेवून बसला होता.

"अजून उभाच?"

"त्याची साल त्यानं आपणहून पोचवली," बाज्या म्हणाला. "मी आता हात लावणार नाही. तुमच्या घरची भिंत रिकामी असेल, तर तुम्ही तोडा."

मुकादमानं कुऱ्हाडीकडे पाहिलं. उचलली मात्र नाही.