दोरीच्या दिवशीचा उपास

उपवास हा आत्म्याचा निर्णय असतो. शरीराला त्यात कुणी विचारत नाही. माणकचंदांनी तो थायलंडात, चियांग माईतल्या एका हॉटेलच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून, नव्या बुटाची नाडी बांधताना घेतला. नाडी बांधली जात नव्हती, कारण बोटं ऐकत नव्हती.

"मी आज उपास धरतो," ते म्हणाले.

चंद्रकांता आरशासमोर उभ्या होत्या. सुनेने, रूपलने, घेऊन दिलेला पंजाबी ड्रेस त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा अंगात घातला होता, आणि ओढणीचं नेमकं काय करायचं ते त्यांना उमगत नव्हतं.

"आज काय आहे?"

"काही असायलाच हवं का? मनात आलं."

ओढणी तशीच हातात धरून त्या वळल्या. आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बुटाकडे. मग खाली बसून त्यांनी तो बूट नवऱ्याच्या पायातून काढला आणि पलंगाखालच्या चपला पुढे सरकवल्या.

"मग चपलाच बऱ्या," त्या म्हणाल्या.

माणकचंदांची जळगावात डाळमिल होती आणि दाणा बाजारात शब्दाला वजन होतं. सहल ठरल्यापासून तो शब्द ते झिपलाइनवरच खर्च करत होते. चहा प्यायला जो कोणी गादीवर टेकेल, त्याला ते हाताने आडवी रेघ ओढून दाखवत. "ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर. खाली जंगल. मध्ये आपण." समोरचा विचारी, शेठ, ह्या वयात? त्यावर ते फक्त हसत. ते हसू त्यांना स्वतःला फार आवडलं होतं.

तयारीही झाली होती. पिंप्राळ्याच्या घराच्या गच्चीवर झोपाळा आहे. रोज संध्याकाळी चंद्रकांतांना त्यावर बसवून माणकचंद उतरण्याचा सराव घेत.

"पाय वर. अजून वर. उतरताना पाय खाली राहिले तर मोडतील."

"मी खालीच बसते ना," चंद्रकांता म्हणत. "तुमच्या चपला सांभाळते."

"लोक काय म्हणतील? शेठ उडाले आणि शेठाणी चपलांपाशी? भ्यायचं काय त्यात, पुढे मी असेन."

हे सांगताना ते गच्चीच्या मधोमध उभे असत. कठड्याजवळ ते कधीच जात नसत. पाण्याची टाकी धुवायची असली की कठड्याशी उभं राहून माणसावर लक्ष ठेवायचं काम चंद्रकांतांचं. घर बांधल्यापासून हे असंच चाललं होतं आणि बायकोने त्याबद्दल एकदाही अवाक्षर काढलं नव्हतं. त्यावरून माणकचंदांनी समजूत करून घेतली होती की तिच्या ते लक्षात आलेलं नाही.

आदल्या दिवशी बसमध्ये हितेंद्रने सगळ्यांना झिपलाइनचा व्हिडिओ दाखवला. हितेंद्र धुळ्याचा साड्यांचा व्यापारी. दरवर्षी जळगाव-धुळ्याच्या ओळखीच्या, बहुतेक जैन कुटुंबांची सहल तो काढत असे, सोबत स्वयंपाकाला आपला महाराज, पिठाचे डबे आणि उकळलेल्या पाण्याची टाकी घेऊन. व्हिडिओत एक गोरा माणूस दोरीला लटकून किंचाळत जात होता. सगळे हसले. माणकचंदांनी तो संपेपर्यंत ड्रायव्हरच्या मानेकडे पाहिलं.

नाश्त्याच्या हॉलमध्ये त्यांनी हितेंद्रला बाजूला घेतलं. त्यांचा बेत साधा होता. कानात सांगायचं, आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचं.

"उपास?" हितेंद्रचे डोळे भरून आले. "परदेशात? सहलीत? भाऊ, आम्ही इथे पोहे खातोय आणि तुम्ही..."

त्याच्या हातात बसमधला माईक होता. तो हॉलमध्ये का आणला होता, कोणास ठाऊक.

त्यानंतरचं सगळं माणकचंदांच्या हातात राहिलं नाही. खुर्च्या सरकल्या, लोक हात जोडून आले. "सुखसाता आहे ना?" "अनुमोदना, भाऊ." कुणीतरी त्यांच्या खुर्चीवर शाल टाकली, म्हणजे शाल नव्हती, हॉटेलचा टॉवेल होता, पण घडी चांगली होती. बायकांनी स्तवन धरलं. वेटर मुली आपलंही काही चुकायला नको म्हणून हात जोडून उभ्या राहिल्या.

धुळ्याच्या हेमलताबाई काठी टेकत आल्या. त्यांनी वर्षीतप पुरं केलेलं होतं, वर्षभर एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. साधू-साध्वीसुद्धा व्याख्यानात त्यांचा दाखला देत. पच्चक्खाण, म्हणजे उपासाचा संकल्प, त्यांनीच दिलं. माणकचंद डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले. शेवटच्या शब्दावर त्यांनी मान खाली घातली ती वर करवेना, कारण डोळे उघडले तेव्हा हेमलताबाई वाकून त्यांच्या पायांना हात लावत होत्या.

"नका, अक्का," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही करत," हेमलताबाई म्हणाल्या. "तपाला करते."

एवढ्या गर्दीत फक्त अभिमन पाटील जागचे हलले नव्हते. धुळ्याजवळचे बागाईतदार, हितेंद्रचे जुने मित्र, आणि धर्माने ह्या भानगडीत नसलेले. पोह्यांची दुसरी बशी संपवत ते म्हणाले, "शेठ, हाई ते चांगलंच व्हयनं. तो दोरीवाला काल सांगी राहिंता, मोकळ्या पोटे या म्हने. उलटी व्हवाव नही. तुम्हीच पहिला नंबर लावा."

माणकचंदांनी खुर्चीवरच्या टॉवेलाची घडी पुन्हा घातली.

"काय बोलता, अभिमनभाऊ?" हितेंद्र माईकवरूनच म्हणाला. "तपस्व्याला दोरीवर लटकवायचं? आपल्याला पाप लागेल."

माणकचंदांना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं यानेच कानशिलं तापली.

तेवढ्यात त्यांना सुचलं. चंद्रकांता टेबलाच्या टोकाशी उभ्या होत्या. ते जवळ गेले, आवाज खाली घेतला.

"तूही धर ना. हेमलताअक्का देतील पच्चक्खाण. दोघांचा होईल."

"मी पोहे खाल्ले," चंद्रकांता म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या बशीत पोहे होते. त्यांतला एकच घास कमी झाला होता.

बसमध्ये जळगावहून मुलाचा, मननचा, फोन आला. हितेंद्रने हॉलमध्ये काढलेला फोटो जैन स्थानकाच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, ग्रुपवर पोचला होता.

"पप्पा, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे."

"नाही, अचानक उपास म्हणून विचारलं. इकडे सगळे कौतुक करतायत. रविवारी तुमचा बहुमान ठेवलाय. माळ, पगडी, सगळं. मी नको म्हणू का?"

माणकचंदांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारी हितेंद्र कान देऊन बसला होता.

"त्यांचा भाव मोडू नको," ते म्हणाले.

जंगलात पोचल्यावर त्यांच्यासाठी लगेच खुर्ची आली. झाडाखाली, एका मोठ्या पाटीपुढे ती मांडली गेली. मंडळी दोन्ही बाजूंना हात जोडून उभी राहिली आणि फोटो निघाला. मग सगळे पट्टे चढवायला गेले.

दोन थाई मुलींनी चंद्रकांतांच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले. ड्रेस चुरगळला, ओढणी गळ्यात अडकेल म्हणून काढून घेतली गेली. डोक्यावर पिवळं हेल्मेट बसवलं. परक्या माणसांपुढे इतकी वर्षं पदर न ढळलेली बायको माणकचंदांनी खुर्चीतून पाहिली आणि पाण्याची बाटली उघडून उगाच बंद केली.

चंद्रकांता त्यांच्याकडे आल्या. पट्ट्यांमुळे त्यांना पाय फाकवून चालावं लागत होतं. त्यांनी बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं, ओढणीत गुंडाळलं, आणि ती पुरचुंडी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. सहलीसाठी त्यांनीही नवे बूट घातले होते; त्यांत पाय दुखत होते का, कोण जाणे. पुरचुंडीशेजारी आपल्या चपलांची पिशवीही ठेवली.

"सांभाळा," त्या म्हणाल्या.

"चंद्रकांता," ते म्हणाले. पुढचं वाक्य तयार होतं. मला भीती वाटते, तू जाऊ नको, आपण दोघं खाली बसू. खुर्चीमागे हेमलताबाई माळ ओढत होत्या.

"पाय वर घे," ते म्हणाले. "उतरताना."

चंद्रकांतांनी मान हलवली आणि त्या लाकडी पायऱ्या चढायला लागल्या. वरच्या फळीवर पोचल्यावर त्या बराच वेळ हलल्या नाहीत. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण ओठ हलत असणार, नवकार मंत्र असणार, हे माणकचंदांना माहीत होतं. थाई मुलीने हातवारे केले. अभिमन पाटील खालून ओरडले, "वहिनी, खाले देखू नका, समोर देखा." मग दोरीचा लांब, करकरीत आवाज आला.

माणकचंदांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, जप चाललाय.

परतीच्या बसमध्ये चंद्रकांतांनी सूर्य मावळायच्या आत डब्यातले दोन खाखरे खाल्ले. दोरीने तळव्यांना लाल वळ उठले होते. माणकचंदांनी पुरचुंडी सोडून एकेक बांगडी पुढे केली. त्या घालत गेल्या.

"भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"फार."

"वरती थांबली होतीस ती..."

"पाय सुटत नव्हते."

पुढच्या सीटवर हितेंद्र झोपला होता. माणकचंद तरी हळूच बोलले. "मग सकाळी म्हटलं होतं ना, तूही उपास धर. पोह्यांचा घास थोडा थांबवला असतास तर."

चंद्रकांतांनी शेवटची बांगडी मनगटावर चढवली. ती जरा अडकली, मग गेली.

"दोघांनी धरला असता तर लोकांना कळलं असतं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले.

माणकचंदांनी ओढणीची घडी घातली. पोटात भूक होती, पण आज पहिल्यांदाच तिची काही तक्रार नव्हती. मग त्यांनी फोन काढला. स्थानकाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'बहुमान ठेवू नये.' त्यापुढे कारण लिहायला हवं होतं. कारण तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी सगळंच पुसलं.

काय करावं ते न सुचून त्यांनी ग्रुपवर आलेला जंगलातला फोटो उघडला. फोटोला जळगाव, धुळे, पाचोऱ्यापासून हात जोडलेली चित्रं आली होती. मध्ये ते स्वतः खुर्चीत, मान खाली. डावीकडे हेमलताबाई. उजवीकडे, अगदी कडेला, पंजाबी ड्रेसमध्ये चंद्रकांता. बायकोचा चेहरा पाहायला त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पण बोट घसरलं आणि खुर्चीमागची पाटी समोर आली.

पाटी थाई आणि इंग्रजीत होती. माणकचंद बी.कॉम. होते. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि साठ वर्षांवरील व्यक्ती यांना दोरीवर घेतलं जात नाही, असं तीत लिहिलं होतं.

माणकचंद चौसष्ट वर्षांचे होते.